डाव्या विंगेतल्या इंदूवहिनी

इंदूवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या ऑफिसात एका पत्रावर शिक्का मारून घेत उभा होतो. फोन रश्मीचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, मुलुंडहून. "काका, आई गेली. चहा मागितला तिने, मी आत गेले, कप घेऊन बाहेर येते तर..." मी "निघतो" एवढंच म्हणालो. समोरच्या कारकुनाने शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली आणि पत्र माझ्या हातात दिलं. त्या पत्रासाठी मी चौदा महिने जोडे झिजवले होते. ते वहिनींना दाखवायचं होतं, आणखी कुणाला नाही. मी त्याची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली आणि रिक्षा शोधायला बाहेर पडलो. मुलुंडला पोचलो तेव्हा शेजारच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी वाकलो की खिशातलं पत्र टोचत होतं, एवढंच आता आठवतं. गेल्या महिन्यातली ही गोष्ट.

इंदू मनोहर घाडी हे नाव तुम्हाला माहीत असण्याचं काही कारण नाही. त्या कधी रंगमंचावर आल्या नाहीत, त्यांचा फोटो कुठे छापला गेला नाही. विक्रोळीत पूर्वेला आमच्या मंडळाचा एक छोटा हॉल आहे. पाटीवर त्याचं नाव लांबलचक आहे, पण ते कुणी घेत नाही, सगळे 'मंडळाचा हॉल' म्हणतात. त्या हॉलच्या डाव्या विंगेत इंदूवहिनी अडतीस वर्षं संहिता मांडीवर घेऊन बसल्या. नटाची ओळ अडली की ती आतून हळूच पुरवायची, हे त्यांचं काम. आम्ही त्याला प्रॉम्प्टिंग म्हणतो, वहिनी म्हणायच्या, "सांगूचा काम." त्यांच्याबद्दल लिहायचं तर हॉलबद्दल लिहावं लागतं. दोन्ही वेगळं काढायचा प्रयत्न मी करून पाहिला, जमत नाही.

कारखान्यांत कामाला आलेल्या कोकणातल्या माणसांच्या चाळी इथे झाल्या आणि माणसांबरोबर नाटकही आलं. सुरुवातीला गणपतीच्या मांडवात व्हायचं. मांडव उतरला की हातापायाला खाज सुटलेली ही मंडळी वर्षभर बसून. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपलं कायमचं छप्पर पाहिजे. मोकळ्या जागेत खांब रोवले, वर पत्रे टाकले, भिंती रविवार-रविवारी उभ्या राहिल्या. आमच्यात गवंडीकाम येणारे तिघे होते आणि सल्ला देणारे शंभर. हॉलची उंची किती ठेवायची, तर भंगारात मिळालेल्या खांबांएवढी. स्टेज किती रुंद, तर पडद्याएवढं. बंद पडलेल्या एका नाटक कंपनीचा मरून मखमली पडदा आमच्या एका मेंबराने मिळवला होता, तो भरला चोवीस फूट. म्हणून स्टेज चोवीस फूट. दोन्ही टोकांना गोणपाटाच्या विंगा टांगल्या. विंगांच्या मागे भिंतीपर्यंत जी जागा उरली, ती उरली म्हणून होती, कुणी ठरवून ठेवली नव्हती. उजवीकडे रंगवायचं टेबल आणि आरसा. डावीकडे पाण्याची कळशी, तलवारी, फोन, पुष्पगुच्छ असलं सामान, आणि एक बसका पाट. तो वहिनींचा. त्या जागेला आम्ही कधी नाव दिलं नाही. 'आत' म्हणायचो, बस.

वहिनी त्या पाटावर आल्या त्या नवऱ्यामुळे. मनोहरदा घाडी आमचा हिरो. आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पेंगणारं पोर दचकून जागं व्हायचं, दिसायला राजबिंडा, पाठांतराच्या नावाने शिमगा. घरी वहिनी चुलीपुढे संहिता धरून त्याच्याकडून पाठ करून घ्यायच्या. तरीही तो स्टेजवर विसरायचाच. शेवटी दिग्दर्शकाने हात जोडले, "वहिनी, तुम्हीच आत बसा." त्या काळी बाईमाणसाने नाटकाच्या आत बसणं चाळीला पसंत नव्हतं. सासू महिनाभर बोलली नाही. पण वहिनी बसल्या, आणि एकदा बसल्या त्या बसल्याच. प्रयोगाआधी गावच्या पद्धतीने गाऱ्हाणं घालायचं, सगळ्या देवांची नावं घेऊन सांभाळून घ्यायला सांगायचं, हा मान मनोहरदाचा. त्यातलीही दोन नावं तो दर वेळी गाळायचा. वहिनी विंगेतून पुरवायच्या, मग आम्ही सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचो. आम्ही त्याला चिडवायचो, अरे, देवाशी बोलतानासुद्धा तुला बायको लागते. तो म्हणायचा, "लागता. मगे?"

मी मंडळात आलो तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार मोठा नट समजत होतो. माझ्या पहिल्याच नाटकात वहिनींनी माझी एक ओळ पुरवली नाही. मी चांगला दोन क्षण तोंड उघडं ठेवून उभा होतो, मग कसं कोण जाणे आठवलं. आत येऊन मी त्यांच्यावर उखडलो, "वहिनी, झोपलात काय?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तू इसारलंस नाय रे सुधीर, तू थांबलं होतंस. थांबलेल्याक सांगूचा नसता. तेचो शब्द तेका गावता." मला तेव्हा ते चुकवाचुकवीचं उत्तर वाटलं. पुढे कधीतरी त्यांची संहिता उघडून बघितली तेव्हा कळलं, बाईंनी याचं शास्त्र केलं होतं. शाळामास्तरांकडे असते तशी, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी, पेन्सिल त्यांच्याकडे असे. तालमी बघता बघता त्या खुणा करायच्या. नट जिथे हटकून विसरणार, तिथे लाल गोल. नट जिथे श्वास घेणार, विचार करणार, समोरच्याकडे नुसता बघणार, तिथे दोन निळ्या उभ्या रेघा. लाल गोल आला की त्या ओठ तयार ठेवत. निळ्या रेघा आल्या की संहिता खाली ठेवून पदराने चष्मा पुसत. सगळी विद्या म्हणजे समोरचा माणूस विसरलाय की थांबलाय, हे ओळखणं. आणि त्या चुकत नसत. निदान मी पाहिलेल्या नाटकांत तरी नाही.

एकदा मात्र आम्हा सगळ्यांना वाटलं की चुकल्या. मनोहरदाच्या कारखान्याला टाळं लागलं होतं, कुठल्या ते सांगत नाही, तेव्हा बऱ्याच ठिकाणी लागलं होतं. चाळीत दर दुसऱ्या घरातला माणूस घरी बसून. हॉलमध्ये दिवसा तांदूळ-डाळीचं वाटप चालायचं आणि काही जणांचं म्हणणं होतं की यंदा नाटक नको, लोक शेण घालतील तोंडात. वहिनी म्हणाल्या, "घरात बसान काय ते भिंती मोजतले? नाटक करा." नाटक बसलं. तिसऱ्या अंकात मुलाला घराबाहेर काढणाऱ्या बापाचं काम मनोहरदाचं. "जा" एवढा एक शब्द, त्याच्यानंतर लांब स्वगत. प्रयोगात "जा" म्हणून झालं आणि मनोहरदा गप्प. मुलाचं काम मी करत होतो, मी त्याच्या समोर उभा. त्याचे ओठ हलेनात. मी विंगेकडे बघितलं. वहिनींच्या मांडीवर संहिता उघडी आणि हात तिच्यावर ठेवलेला. सांगेनात. हॉल इतका शांत की पंख्याचा कुरकुराट ऐकू येत होता. मनोहरदाने पडद्याची कड धरली, दुसऱ्या हाताने डोळे पुसले, आणि स्वगत सोडून देऊन एकच वाक्य बोलला, "दार लावून घे." लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, उठून उभे राहिले. आत आल्यावर दिग्दर्शक वहिनींवर ओरडणारच होता. वहिनी नवऱ्यासाठी कळशीतलं पाणी ओतत होत्या. म्हणाल्या, "तो इसारलो नव्हतो. तेका बोलवत नव्हता." त्या दिवसापासून मी वहिनींच्या शब्दाबाहेर गेलो नाही. मनोहरदा पुढे सहा-सात वर्षांनी हृदयविकाराने गेला. तेरावा झाल्यावर पंधरवड्याने आमची तालीम होती. वहिनी आल्या, पाटावर बसल्या, चष्मा लावला. "हं, खंय होतो आपण?"

आता मी माझ्याकडे येतो, कारण ते टाळून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

मंडळाचा चिटणीस मी बावीस वर्षं आहे. चाळींच्या जागी टॉवर उभे राहायचे ठरले तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकच धरून ठेवलं, हॉल होता तसा परत मिळाला पाहिजे. बिल्डर तसा नडला नाही. त्याचा आर्किटेक्ट म्हणाला, "जुन्या हॉलची मापं लिहून द्या, तेवढा बांधून देतो." मी एका रविवारी सकाळी टेप घेऊन गेलो. हॉलची लांबी मोजली, खुर्च्या मोजल्या, छताची उंची मोजली. स्टेज मोजायला दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. वहिनी नेहमीप्रमाणे आत सामान आवरत होत्या. मी उजव्या विंगेशी उभा राहून ओरडलो, "वहिनी, तिकडच्या विंगेच्या पडद्याला लावून धरा." त्यांनी टोक पडद्याच्या कडेला धरलं. त्या स्वतः पडद्याच्या मागे उभ्या होत्या, मला फक्त त्यांचा हात आणि त्यातल्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या. मनोहरदाच्या मागेही त्या हिरव्या बांगड्या घालायच्या, चाळीने त्यावरही बोलून घेतलं होतं. मी वाचलं, चोवीस फूट. वहीत लिहिलं, स्टेज, चोवीस. टेप गुंडाळली. पडदा थोडा बाजूला सारून वहिनींनी बाहेर बघितलं. माझ्याकडे बघत राहिल्या, काही बोलतील असं वाटलं. बोलल्या नाहीत. मी म्हणालो, "झालं, चला, चहा घेऊ."

चाळीस वर्षं आम्ही पडद्यापासून पडद्यापर्यंतच्या जागेला स्टेज म्हणत आलो होतो. मी स्टेज मोजलं. 'आत' मोजायचं राहिलं. माझ्या एकट्याकडून नाही, नकाशा आला तेव्हा मंडळाच्या सोळा जणांनी तो टेबलावर पसरून बघितला, त्यातले अकरा नट. एसी किती टनाचा, खुर्च्या कुठल्या रंगाच्या, नावाची पाटी कुठे, यावर तीन बैठका झाल्या. नकाशातली चोवीस फुटांची रेघ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली होती, ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. वहिनी मागच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी नकाशाची एक झेरॉक्स मागून घेतली. खाली सह्या झाल्या, पहिली माझी.

हॉल सुरेख झाला. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी माझा ऊर भरून आला. मग वहिनी पायऱ्या चढून स्टेजवर आल्या आणि सवयीने डावीकडे चालत गेल्या. भिंत आली. त्या थांबल्या, तळहात भिंतीवर ठेवला. गुळगुळीत, क्रीम रंगाची भिंत. "बरी आसा," म्हणाल्या आणि खाली उतरल्या. मला तिथे उभ्या उभ्या कळलं. पाट कुठेच मावणार नव्हता. पात्रांना आत-बाहेर करायला प्रेक्षकांच्या मधूनच यावं लागणार होतं. तिथे भाषणं करता येतील, लग्नं लावता येतील, नाटक करता येणार नाही. चोवीस फूट मात्र अगदी बरोबर होते.

वहिनी मला कधीच काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मंडळात दुसरे बोलले, भरपूर बोलले, माझी वाट लावली, आणि बरोबरच होतं. पण वहिनींचं ते काही न बोलणं मला खायचं. मी त्यांच्या बिल्डिंगखालून जाताना रस्ता बदलू लागलो. मग त्या आजारी पडल्या आणि रश्मीने त्यांना मुलुंडला नेलं. हॉलमध्ये योगाचे क्लास सुरू झाले.

डाव्या भिंतीपलीकडे सोसायटीची अडगळीची खोली होती. मोडक्या खुर्च्या, रंगाचे डबे, कुणाचा तरी पाळणा. मी इंजिनीअरकडून लिहून घेतलं की ती भिंत भार पेलणारी नाही, तोडता येते. मग सोसायटीच्या मागे लागलो. नवीन राहायला आलेल्यांना नाटक म्हणजे काय ते माहीत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "अहो काका, आता नाटकं कोण बघतो? आणि त्या कोपऱ्यात तुम्हाला नक्की करायचंय काय?" मी म्हणालो, "एक बाई बसणार आहे." चौदा महिने मी त्यांच्या प्रत्येक बैठकीला जाऊन बसलो. शेवटी कंटाळून म्हणा, कणव येऊन म्हणा, त्यांनी भिंतीला लागून पाच फुटांची पट्टी द्यायचं तोंडी कबूल केलं.

त्याच आठवड्यात मी मुलुंडला गेलो होतो. ती शेवटची भेट. वहिनी खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या, नजर तीच. इकडचं तिकडचं बोलणं झालं. "नवीन काय?" त्यांनी विचारलं. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मनात म्हटलं, तोंडी आहे, उद्या फिरले तर? पत्र हातात पडू दे, भिंत फुटू दे, मग रिक्षात घालून नेऊ, पाटावर बसवू आणि मगच काय ते बोलू. मी म्हणालो, "काही नाही, चाललंय." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "तू काय तरी सांगणार होतंस."

"नाही वहिनी, सहजच आलो."

"बरा," म्हणाल्या. "मी हय आसय."

तीन आठवड्यांनी पत्र मिळालं, त्याच दिवशी रश्मीचा फोन आला.

तेराव्याला रश्मीने एक कापडी पिशवी माझ्यापुढे ठेवली. "आईने सांगितलं होतं, ही सुधीरकडे दे." आत संहिता होत्या, एकवीस, ज्यूटच्या सुतळीने बांधलेल्या. चष्म्याच्या घरात ती लाल-निळी पेन्सिल, जेमतेम बोटभर उरलेली. आणि तळाशी चार घड्या घातलेली नकाशाची झेरॉक्स. मी ती तिथेच, पानं वाढलेली असताना उलगडली. स्टेजचा चौकोन, त्यावर चोवीस फुटांचा आकडा. डाव्या टोकाला, जिथे पाट असायचा त्या जागी, भिंतीच्या रेघेला लागून दोन निळ्या उभ्या रेघा होत्या. म्हणजे टेपचं टोक हातात धरून, पडद्याआडून बाई माझ्याकडे बघत होत्या तेव्हा त्या धरून चालल्या होत्या की मी थांबलोय. पडद्यापर्यंत मोजलं, आता आतलं मोजेल. अठरा वर्षांचा असल्यापासून या हॉलमध्ये वावरलेला माणूस, हा विसरणार नाही. नकाशा हातात आल्यावरही त्यांना तेच वाटलं, म्हणून त्यांनी सांगितलं नाही... आणि मग त्या दोन निळ्या रेघांवर, नंतर कधीतरी, बहुतेक ती भिंत बघून आल्यावर, लाल गोल काढला होता. एकदा नाही, त्यावरून पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवलेली, इतकी की तिथे कागद फाटला होता.

दोन वर्षं मी समजत होतो की त्या माझ्यावर रागावल्या आहेत. त्या स्वतःवर रागावल्या होत्या. आणि चूक माझीच होती हे त्यांना तोंडावर सांगायची जी एक संधी मला मिळाली, त्यात मीही थांबूनच राहिलो. मला रडू आलं. रश्मीला वाटलं आठवणीने आलं. मी समजावत बसलो नाही.

भिंत गेल्या पंधरवड्यात फुटली. मिळालेली जागा पाच फूट रुंद, आठ फूट लांब. जुना पाट पाडकामात गेला होता, नवीन करून घेतला, तितकाच बसका. गाऱ्हाणं घातलं, देवांची नावं मी वहिनींच्या अक्षरातल्या कागदावरून वाचली, एकही गाळलं नाही. प्रॉम्प्टिंगला कुणी तयार होईना, म्हणून मी बसतो. गुडघे दुखतात, पण तिथून नाटक वेगळंच दिसतं, नटाचा अर्धाच चेहरा आणि मानेची शीर.

परवाच्या रविवारी तालमीत स्नेहल, बँकेत नोकरी करणारी आमची नवी नायिका, एका वाक्यावर गप्प झाली. मी घाबरलो, पुढे वाकलो आणि ओळ सांगून टाकली, चांगली मोठ्याने. तिने वळून विंगेत बघितलं. "काका, मी विसरले नव्हते हो. थांबले होते."

"बरं," मी म्हणालो. मग पेन्सिल उलटी केली आणि त्या ओळीपुढे दोन निळ्या रेघा ओढल्या.